घाटमाथ्यावरचा गणिती

मळवली स्टेशन गेलं की पाच-दहा मिनिटांत लोणावळा येतं. मळवलीला रुळांच्या उत्तरेकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत, दक्षिणेकडे भाज्याची. भाज्याच्या डोक्यावर लोहगड आणि विसापूर, आणि तिथून आणखी आग्नेयेला पवन मावळात बेडसे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर पंधराएक वर्षं एक प्राध्यापक या टप्प्यातून डेक्कन क्वीननं सकाळी मुंबईला जात आणि संध्याकाळी पुण्याला परत येत. मुंबईत ते गणित करत. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून याच डोंगरांच्या कडेकडेनं चालत आणि गारगोटीचे तुकडे वेचत. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावर पावसाळ्यात जी गर्दी उसळते, तिच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की हे धरण रेल्वेचं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं बोरघाट फोडून १८६३ मध्ये गाडी वर आणली. घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं, म्हणून इंद्रायणीच्या उगमाकडे भुशीला बांध घातला गेला. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा घाटात वीज आली होती आणि पाण्याची ती निकड ओसरत चालली होती. पण लोहमार्गानं वाट निवडली ती मात्र जुनीच. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून साधारण याच खिंडीनं देशावर चढत होता. या वाटांवर कोण आलं, कोण थांबलं आणि कोणी काय सोडलं, हे शोधणं हा कोसंबींच्या आयुष्याच्या उत्तरार्धातला ध्यास झाला.

जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. काही वर्षं ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना बोलावलं आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. शाळा तिथल्या केंब्रिजला झाली, पदवी हार्वर्डची. १९२९ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. सायबरनेटिक्सचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह तिथेच जुळला. पीएच.डी. मात्र त्यांनी कधीच केली नाही. घरात पाली, कॉलेजात गणित आणि त्याच्या जोडीला युरोपातल्या अनेक भाषा असा हा पाया होता.

परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ. अलिगढला त्यांना बोलावलं ते आंद्रे वेल या फ्रेंच गणितीनं. तो स्वतः तेव्हा पंचविशीत होता आणि तिथल्या गणित विभागाचा प्रमुख होता. या काळातला कोसंबींचा एक निबंध गणिताच्या इतिहासात वेगळ्याच कारणानं नोंदला गेला. १९३१ मध्ये त्यांनी ‘बूर्बाकी’ नावाच्या एका रशियन गणितीच्या प्रमेयावर लिहिलं. असा गणिती कधी नव्हताच. वेलच्या सांगण्यावरून एका प्रतिस्पर्ध्याची फजिती करायला रचलेली ती थट्टा होती. पुढे चारेक वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये जो गट स्थापन केला, त्याला हेच नाव दिलं. विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणी बदलून टाकणाऱ्या त्या नावाचा गणिती वाङ्मयातला पहिला उल्लेख अशा रीतीनं भारतात छापला गेला.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९४५ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्यांचं गणितातलं सगळ्यात मूलभूत काम या सुमारास झालं, आणि त्याचं मूळ भौतिकशास्त्रात होतं. त्यांचा सुरुवातीचा निबंधच मुळी लंबवर्तुळाकार कक्षेच्या परांचनावर, म्हणजे ग्रहाची कक्षा हळूहळू स्वतः कशी फिरत जाते या प्रश्नावर होता. तो १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानंतर त्या पिढीच्या गणितींपुढे अवकाशाच्या भूमितीचा प्रश्न उभा होता. आधी अवकाशाचा आकार ठरवायचा आणि मग त्यातून वस्तू कुठल्या वाटेनं जाईल ते काढायचं, ही रूढ रीत. कोसंबींनी प्रश्न उलटा मांडला. वाटा दिलेल्या आहेत, म्हणजे गतीची समीकरणं हातात आहेत. तर त्या वाटा ज्यात स्वाभाविक ठरतील ती भूमिती कोणती? १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांचा यावरचा निबंध छापला गेला आणि त्याच अंकात पाठोपाठ एली कार्तां या थोर फ्रेंच भूमितीकाराचं त्यावरचं टिपण आलं. १९३९ मध्ये चिनी गणिती चर्न यांनी हा विषय पुढे नेला. आज तो कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त म्हणून ओळखला जातो आणि एखादी व्यवस्था थोड्या धक्क्यानं मूळ वाटेवरून किती ढळेल हे तपासायला भौतिकशास्त्रात, अगदी परिसंस्थांच्या अभ्यासातही वापरला जातो.

वाटांवरून प्रदेश ओळखायचा, ही कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मावळात पुढे त्यांनी जे केलं ते वाचताना ती पुन्हा पुन्हा आठवते.

फर्ग्युसनमध्ये असताना ते संख्याशास्त्राकडे वळले आणि हात बसावा म्हणून त्यांनी एक व्यावहारिक उदाहरण घेतलं: आहत नाणी. चांदीच्या तुकड्यांवर ठसे उमटवून केलेली ही भारतातली सगळ्यात जुनी नाणी. तक्षशिलेला सापडलेल्या निधींचा अभ्यास तेव्हा मुख्यतः ठशांवरून चाले. हा सूर्य, हा डोंगर, हा मोर, आणि मग ज्याचा त्याचा तर्क. कोसंबींनी ठशांआधी वजन पाहिलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. टांकसाळीतून निघताना एका तऱ्हेच्या सगळ्या नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. बाजारात ती हातोहात फिरतात आणि दर व्यवहारात किंचित झिजतात. म्हणून जितकं चलन जुनं, तितकं त्याचं सरासरी वजन कमी. शिवाय काही नाणी जास्त फिरतात, काही तिजोरीत पडून राहतात, त्यामुळे त्यांच्या वजनांतला आपापसातला फरकही काळाबरोबर वाढत जातो. एकाच वेळी पुरलेल्या हंड्यातली नाणी नाजूक तराजूवर एकेक करून तोलली, तर कुठली तऱ्हा आधीची आणि कुठली नंतरची हे त्या वजनांवरूनच सांगता येतं. पद्धत खरी की खोटी हे ताडून पाहायला त्यांनी आपल्याच काळातली, रोजच्या वापरातली हजारो नाणीही तोलली. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे वजन घटेल तसे वाढत जातात, हेही त्यातून दिसलं. ते ठसे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणं पारखल्याच्या खुणा आहेत, असा अर्थ त्यांनी लावला. १९४० आणि १९४१ मध्ये हे निबंध आले.

इथून एका विषयानं त्यांना दुसऱ्यात ओढलं. नाणी कोणी पाडली? ते राजे ग्रंथांत सापडतील. ग्रंथ वाचायचे तर संस्कृत नीट हवं. संस्कृतचा हात पक्का करायला त्यांनी भर्तृहरी घेतला, तर लक्षात आलं की भर्तृहरीच्या श्लोकांची भरवशाची संहिताच नाही. मग देशभरातली तीनशेहून अधिक हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पाठभेदांची छाननीही शेवटी संख्याशास्त्राच्या सवयीचीच गोष्ट: कुठली प्रत कुठल्या घराण्यातली, कुठला श्लोक किती ठिकाणी आढळतो. याच वर्षांत, १९४३ मध्ये, त्यांनी फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातला निष्कर्ष पुढे फिनलंडचा कार्हुनेन आणि फ्रान्सचा लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे काढला. प्रतिमांची प्रचंड माहिती थोडक्यात साठवणं, गोंगाटातून संदेश वेगळा करणं अशा कामांत आज तो रोज वापरला जातो. बहुतेक पुस्तकांत नाव त्या दोघांचंच असतं. १९४४ मध्ये आणखी एक, अवघा चार पानांचा निबंध आला. गुणसूत्रावर दोन जनुकांत किती अंतर आहे हे त्यांच्या संततीतल्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून कसं काढायचं, याचं सूत्र त्यात होतं. हे कोसंबी-सूत्र पिकांच्या वाणांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत आजही वापरात आहे. त्यातल्या किती जणांना कोसंबींनी प्राचीन भारताचा इतिहास लिहिला हे माहीत असेल? आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे सूत्र?

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणितासाठी बोलावलं. पेडर रोडवरचा एक बंगला, मग गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत अशा जागा संस्थेनं बदलल्या, पण कोसंबींनी पुण्यातलं घर सोडलं नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या परिसरातलं ते घर, मागे वेताळ टेकडी. १९४९ च्या सुरुवातीला ते शिकागोला भूमिती शिकवून प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत जाऊन आले. आइन्स्टाइन तेव्हा तिथेच होते. परतल्यावर पुन्हा क्वीनचा डबा, खिडकीबाहेर मळवली आणि घाट.

आता कार्ल्याकडे वळू. चैत्यगृह सुमारे पंचेचाळीस मीटर खोल, देशातलं सगळ्यात मोठं. छताच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी आहेत. व्हरांड्यातला एक लेख सांगतो की वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या शेठीनं हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पुरं केलं. दारातला सिंहस्तंभ एका महारठीचा. पण कोसंबींची नजर जास्त करून आतल्या खांबांवर ठरली. त्यांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत एकाच गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं: धेनुकाकट. धेनुकाकटचा गंधी, धेनुकाकटचा सुतार, आणि एका मागोमाग एक धेनुकाकटचे यवन. हे यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेले व्यापारी. धर्मानं आता बौद्ध, नावं भारतीय. उजव्या ओळीतल्या एका खांबाच्या माथ्यावर नेहमीच्या हत्ती-घोड्यांऐवजी माणसाच्या तोंडाचा, पशूच्या अंगाचा स्फिंक्ससारखा प्राणी आहे. अंधारात तो सहज नजरेतून सुटतो. त्याच्याकडे बोट दाखवून कोसंबींनी विचारलं की हा इथे आला कुठून, हा विचार कोणाच्या देशातला?

१९५५ मध्ये त्यांनी धेनुकाकटवर स्वतंत्र निबंध लिहिला. काही अभ्यासक हे गाव दूर आंध्रात शोधत होते. कोसंबींचं म्हणणं असं की ही व्यापाऱ्यांची वसाहत कार्ल्याच्या पंचक्रोशीतच असली पाहिजे. एका लेण्याला इतकी माणसं एका गावाहून दान देतात, त्यात सुतार आणि गंधी यांच्यासारखे कारागीर असतात, तर ते गाव रोजच्या संबंधातलं असणार. आणि कार्ल्याची जागा पाहा, ती घाटाच्या तोंडावर आहे. खालून आलेला तांडा घाट चढून दमलेला, पुढे जुन्नर किंवा तगर, म्हणजे आजचं तेर, गाठायचं. इथे विसावा, पाणी आणि भांडवल लागतं. विहार हे सगळं पुरवत होते. भिक्षूंची लेणी म्हणजे संसार सोडलेल्यांचा एकांतवास, ही समजूत कोसंबींनी खोडून काढली. दानलेखांतून त्यांनी दाखवलं की विहार हा व्यापाराचा भागीदार होता, त्याच्याकडे जमिनी होत्या, गावं होती. उषवदात नावाच्या दात्यानं कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिल्याचा लेख भिंतीवर आजही वाचता येतो. बेडशाच्या चैत्याचा दाता नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा आहे. घाटमाथ्यावरच्या एका आडवळणाच्या डोंगरात नाशिकचा सावकार पैसा घालतो, तेव्हा तिथून त्याची वाट जात असते.

धेनुकाकटबद्दलचं त्यांचं मत सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. वस्तीचे अवशेष हाती आल्याशिवाय ते होणारही नाही. पण लेणी, घाट आणि व्यापार यांचा जोड त्यांनी जो लावला, तो पुढच्या जवळपास प्रत्येक अभ्यासकानं गृहीत धरला आहे.

कार्ल्याला चैत्याच्या दारासमोरच एकवीरेचं देऊळ आहे. चैत्रात मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी पालख्या घेऊन येतात, नवस फेडतात, कोंबडा-बोकड देतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ही गर्दी म्हणजे मूळ वास्तूवरचं अतिक्रमण वाटे. कोसंबी त्या गर्दीत थांबले आणि त्यांनी लोकांना विचारलं. त्यांना आढळलं की भाविक आतल्या स्तूपालाही देवीच मानतात, यमाई म्हणतात. बेडशाच्या विहारातही यमाई आहे. हा योगायोग नाही, असं त्यांनी मांडलं. भिक्षू येण्याच्या आधीपासून या जागा मातृदेवतांच्या होत्या, कारण वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे माणसं जमत, देवाणघेवाण करत आणि बळी देत. अहिंसा सांगायला आलेल्या भिक्षूंनी तीच जागा निवडली, कारण सांगायचं ते ऐकणारी माणसं तिथे होती. विहार उजाड झाले आणि देवी परत आली.

याचा पुरावा कुठे मिळणार? कोसंबींनी तो पायाखाली शोधला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांच्या उतारांवर कॅल्सेडनीची, गारगोटीच्या जातीच्या दगडाची, बारीक पाती सापडतात. नखाएवढी ते बोटभर लांबीची, एका कडेला धार, दुसऱ्या कडेला बारीक टवके काढून बोथट केलेली, उन्हात धरली तर प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ. लोखंड येण्याच्या आधी माणसानं लाकडात किंवा हाडात बसवून वापरलेली ही हत्यारं. ती सगळीकडे सारखी मिळत नाहीत, ठरावीक पट्ट्यांत मिळतात. ते पट्टे नकाशावर जोडले तर वाटा तयार होतात. या वाटांवरच शेंदूर फासलेले देवीचे तांदळे असतात, आणि धनगरांची हंगामी स्थलांतरंही पुष्कळदा याच वाटांनी चालतात. पुण्यात वर्षाकाठी सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर पाऊस पडतो, साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चारशेच्याही पुढे जातो. मेंढरांना भुशी-कुरवंड्याच्या चिखलात पावसाळा काढता येत नाही. त्यांना पूर्वेच्या कोरड्या माळावर जावं लागतं आणि उन्हाळ्यात परत चाऱ्याकडे यावं लागतं. हे गणित प्रागैतिहासिक शिकारी-मेंढपाळालाही चुकलं नसावं. इंद्रायणीकाठच्या देहूजवळ तुकोबा ज्या भंडारा आणि भामचंद्राच्या डोंगरांवर जाऊन बसत, तिथल्या गुहा आणि दगडी पात्यांकडेही कोसंबींनी याच नजरेनं पाहिलं.

‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आलं. त्यांच्या या क्षेत्रकामाला उत्खननाची जोड नव्हती. पाती पृष्ठभागावर वेचलेली, त्यामुळे कुठलं कोणत्या काळातलं हे नेमकं सांगता येत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तरी जिवंत माणसांची राहणी हाही पुरावा असतो आणि तो इतिहासकारानं पायपीट करून गोळा करायचा असतो, हे मराठी मुलखात त्यांच्याइतकं ठासून त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. भाषा, पुरातत्त्व, मानवशास्त्र, संख्याशास्त्र यांना एकत्र जुंपणाऱ्या या रीतीला त्यांनी १९६३ च्या एका निबंधात ‘संयुक्त पद्धती’ म्हटलं.

या पद्धतीची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली. गणिताच्या संस्थेतला माणूस देवींच्या मागे हिंडतो, ही कुरबुर होतीच. त्यात अणुऊर्जेला त्यांचा विरोध. १९६० मध्ये पुण्यातल्या एका भाषणात त्यांनी भारतानं अणुभट्ट्यांपेक्षा सूर्याच्या उष्णतेवर लक्ष द्यावं असं सांगितलं. देशाचा अणुकार्यक्रम चालवणाऱ्या भाभांच्याच संस्थेत ते काम करत होते. संख्याशास्त्राच्या मार्गानं गणितातलं न सुटलेलं रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा दावाही त्यांनी शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला, आणि ती सिद्धता टिकली नाही. गणितींमध्ये त्यांच्या प्रतिष्ठेला त्यामुळे मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांची मुदत वाढवली नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी जोडलं. २९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न. पश्चिम महाराष्ट्रातल्या जिवंत प्रागितिहासावरचा त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९६७ च्या फेब्रुवारीत आला.

त्यानंतर मावळ झपाट्यानं बदललं. २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्याच्या दोन्ही अंगांचे उतार सपाट करून बंगले उभे राहिले आणि अजून राहताहेत. दगडी पाती जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतात. पोकलेनचा पहिला घासच ती नेतो. धेनुकाकट कार्ल्याजवळ होतं की नव्हतं, हा वाद मिटवायचा तर वेहेरगाव, देवघर, मळवलीच्या शिवारांत, जिथे अजून नांगर चालतो तिथे, खापरांचा आणि जुन्या पायऱ्या-जोत्यांचा पद्धतशीर शोध घ्यायला हवा. त्याला फार पैसा लागणार नाही. पुण्याच्या महाविद्यालयांतली मुलं, चार जाणते पुरातत्त्वज्ञ आणि उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या एवढ्यात सुरुवात होऊ शकते, आणि ती जमिनीचे पुढचे व्यवहार होण्याच्या आत व्हायला हवी.